धाराशिव ते यवतमाळ, आभाळातून

मी एक जुने विमान आहे, मित्रांनो. विमान म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे जे पांढरेशुभ्र, लांबलचक, दोनशे माणसे पोटात घेणारे धूड उभे राहते, ते मी नव्हे. माझ्यात चारच माणसे मावतात, तीही गुडघे जरा आखडून. मला पंखा एकच, तोही नाकावर. माझे पंख मात्र डोक्याच्या वर आहेत. त्यामुळे आत बसलेल्या माणसाला खालची जमीन अगदी मोकळी दिसते. पुढे जी गोष्ट सांगणार आहे ती या मोकळ्या दिसण्याचीच आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पातळ पत्र्याचे तुकडे एकमेकांना रिव्हेटच्या खिळ्यांनी जोडत माणसांनी माझे अंग घडवले. मग पंख काढून मला एका लाकडी खोक्यात बंद केले आणि जहाजात चढवले. गंमत बघा, ज्याने उडायचे तो पहिला प्रवास पाण्यावरून करून आला! या देशात आल्यावर मला पुन्हा जोडले गेले. दोन-तीन गावे फिरत फिरत शेवटी मी धाराशिवला पोचलो आणि इथलाच झालो.

धाराशिवच्या माळावरचा विमानतळ तुम्ही पाहिला आहे का? तिथे गर्दी नसते, सामानाचे फिरते पट्टे नसतात. एक धावपट्टी, एक हँगर म्हणजे आमची मोठी शेड, आणि कडेने वाळलेले कुसळी गवत. उड्डाणाआधी रखवालदाराला कधी कधी काळ्या शेळ्या हाकलाव्या लागत. इथे एक वैमानिक-शाळा होती आणि मी तिच्यातला शिकवणारा बैल होतो म्हणा ना. नवशिकी मुले-मुली माझ्या जिवावर उडायला शिकत.

त्यातलीच एक श्रावस्ती. वाशीची मुलगी. तिचे वडील तालुक्याच्या कचेरीत नोकरीला होते आणि त्यांनी हौसेने लेकीला इथे घातले होते. ती पहिल्यांदा मला उतरवत होती तेव्हा मी धावपट्टीवर बेडकासारख्या तीन उड्या मारल्या. शेजारी बसलेले गुरुजी काही बोलायच्या आत तिने समोरच्या काचेखाली हाताने थोपटले आणि म्हणाली, "माफ कर बाबा, लई जोरात आदळलं तुला." मला राग येणे शक्यच नव्हते. काही वर्षांनी हीच श्रावस्ती परवाना मिळवून त्याच शाळेत शिकवू लागली. तिच्या हाताखाली मी जमिनीला टेकलो हे मलाही चाकांच्या आवाजावरून कळायचे, इतकी हळुवार उतरायची ती.

माझी देखभाल शब्बीरकडे होती. तो धाराशिवचाच. रोज सकाळी तो माझे तेल बघायचा, इंधनाचे थेंब बाटलीत घेऊन उन्हात धरायचा, पाणी तर शिरले नाही ना ते पाहायचा, चाकांवरून हात फिरवायचा. कंटाळा म्हणून त्याने एकदाही यातले काही टाळले नाही. दुपारी कधी कधी त्याची अम्मी, हसीनाबी, रिक्षाने त्याचा डबा घेऊन यायच्या. सत्तरीच्या बाई. कुंपणाजवळच्या लिंबाखाली बसून त्या उडणाऱ्या विमानांकडे टक लावून पाहत. मायलेक घरात दखनी उर्दूत बोलत, पण आमच्या इथे सगळ्यांत मिसळून मराठीत.

शाळेच्या खोलीत भिंतीवर एक मोठा नकाशा होता. एका दुपारी श्रावस्ती मुलांना त्यावर दोरा लावून अंतर मोजायला शिकवत होती. दोऱ्याचे एक टोक धाराशिवला, दुसरे यवतमाळच्या तसल्याच छोट्या विमानतळावर. खोलीचे दार हँगरकडेच उघडायचे, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे.

"सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या थोडं वर," श्रावस्ती म्हणाली. "वारं गप असलं तर पावणेदोन तासात पोचाल. समोरून आलं तर जास्त. आभाळात अंतर ठरलेलं असतं, वेळ ठरलेला नसतो."

डबा द्यायला आलेल्या हसीनाबी दारातच थबकल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पावणेदोन तास? बेटी, त्याच वाटंला मला दोन दिवस लागले होते."

मुले वळून बघू लागली. हसीनाबी डबा ठेवून निघून गेल्या. नंतर शब्बीरनेच श्रावस्तीला सांगितले. हसीनाबींचे माहेर यवतमाळच्या अलीकडे दिग्रसला. लग्न होऊन त्या इकडे आल्या आणि माहेर फार लांब पडले. शब्बीर तान्हा असताना एक दिवस तार आली, आई खूप आजारी आहे. त्या काळी इथून एस.टी.ने अंबाजोगाई, तिथून परळी, मग रेल्वेने नांदेड, पुढे पुन्हा एस.टी.ने पुसद आणि दिग्रस. गाडी चुकली, रात्र स्टेशनवर काढावी लागली. तान्ह्या पोराला छातीशी धरून त्या घरी पोचल्या तेव्हा आईला दफन करून माणसे परतली होती.

"अम्मी कधी रडली न्हाय त्याबद्दल," शब्बीर म्हणाला. "पण कुठंही जायचं असलं की सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभी राहते."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी कुंपणाबाहेरच्या त्या बाईंकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मी शेकडो वेळा गावावरून गाव ओलांडत गेलो होतो. खालच्या प्रत्येक वाटेवर कुणाचे तरी असे पोचणे न पोचणे सांडलेले असेल, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मृग लागायला थोडे दिवस होते. शाळेच्या उड्डाणांचे काही सराव यवतमाळला व्हायचे होते, म्हणून मला तिथे नेऊन ठेवायचे ठरले. मला चालवायला श्रावस्ती आणि तिथे माझी तपासणी करायला शब्बीर. सकाळी निघायचे होते. पण सकाळी शब्बीर आला तो कामाचे कपडे न घालताच.

शाळेचे प्रमुख उत्तरेश्वर सर हँगरमध्येच उभे होते. शब्बीर त्यांना म्हणाला, "सर, मला आज रजा द्या. दिग्रसहून समदचा फोन आला, माझा मावसभाऊ. जुलेखा खाला, म्हणजे अम्मीची धाकटी बहीण, शेवटच्या घटका मोजतीय. दवाखान्यातून घरी आणलंय. सारखी एकच विचारतीय, आपा आली का, आपा आली का. अम्मीला घेऊन एस.टी.नं निघतो."

"कधी पोचाल?" सरांनी विचारले.

"रात्र होईल सर. लागल्या तर." वाक्य अर्धेच राहिल्याचे कळून तो पुढे म्हणाला, "गाड्या लागल्या तर."

सर थोडा वेळ माझ्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "शब्बीर, ह्यात माणसं किती बसतात?"

"चार."

"आणि चाललाय तुम्ही दोघंच. अम्मीला घेऊन या. बाकी मी बघतो."

मग सरांची फोनाफोनी सुरू झाली. परवानगी हवी होती, प्रवाशाचे नाव कळवायला हवे होते, समदला जीप घेऊन यवतमाळला यायला सांगायचे होते. हे सगळे रीतीने होईपर्यंत ऊन डोक्यावर आले. हसीनाबी मात्र केव्हाच येऊन बसल्या होत्या. मांडीवर एक गाठोडे, त्यात कुंथलगिरीचे पेढे. जुलेखाला आवडतात म्हणून.

सामान तोलायच्या काट्यावर श्रावस्तीने त्यांना उभे राहायला सांगितले. "खाला, तुमचं वजन करावं लागंल. छोटं विमान हाय, सगळं मोजून घ्यावं लागतं."

"म्हणजे मला पोत्यासारखं तोलणार व्हय?" त्या म्हणाल्या. सगळे हसले. त्या स्वतः मात्र हसल्या नाहीत. माझ्या पंखाच्या दांडीला हात लावून त्यांनी शब्बीरला विचारले, "एवढासा पत्रा? ह्याच्यावर भरवसा हाय का तुझा?"

"अम्मी, ह्याचा एकेक स्क्रू माझ्या हाताखालून गेलाय," शब्बीर म्हणाला.

"मग चल," असे म्हणून त्या चढल्या.

श्रावस्ती पुढे, तिच्या शेजारी हसीनाबी, मागे शब्बीर. हसीनाबींना पुढे बसवण्याचे कारण वजनाचा तोल हे होते, पण मला वाटते श्रावस्तीच्या मनात आणखीही काहीतरी होते. माझा पंखा फिरू लागला, धावपट्टी मागे पळू लागली. हसीनाबींनी डोळे गच्च मिटले. त्यांचे ओठ दुवा पुटपुटत होते. चाके जमिनीवरून सुटली तशी खडखड थांबली आणि आत एकदम शांत वाटू लागले. इंजिनाचा आवाज तर होताच, पण जमिनीचे हादरे संपले होते.

"खाला, डोळे उघडा," श्रावस्ती म्हणाली. कानांवर लावलेल्या हेडफोनमधून त्यांना तिचा आवाज अगदी जवळून आला असणार. त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"या अल्लाह," त्या म्हणाल्या.

खाली उन्हाळ्यातला मराठवाडा पसरला होता. नांगरून ठेवलेली काळी राने, मध्येच कुठे उसाचा हिरवा तुकडा, बांधावरची एकटी झाडे आणि प्रत्येक झाडाखाली त्याची इवलीशी सावली. माझीही सावली खाली पळत होती. विहिरीवरून, पत्र्याच्या घरांवरून, शाळेच्या पटांगणावरून, कशालाही न अडखळता.

"ते काय पळतंय?" हसीनाबींनी विचारले.

"आपणच," शब्बीर मागून म्हणाला.

डाव्या हाताला मांजरा धरणाचे पाणी चमकले. पुढे परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आल्या. खालून पाहताना त्यांचे टोक बघायला मान मोडते, आता त्या काड्या रोवल्यासारख्या दिसत होत्या. हसीनाबी खिडकीला कपाळ लावून बघत होत्या. "त्या ठेसनावर म्या रात्र काढली," त्या म्हणाल्या. "तू रडत होतास आणि एका बाईनं तिच्या पोराचं दूध तुला दिलं. नाव पण इचारलं न्हाय म्या तिचं."

ते स्टेशन आमच्या खाली आले आणि एवढ्या बोलण्यातच मागेही पडले.

मग गोदावरी आली. उन्हाळ्यामुळे पाणी थोडे, वाळू फार. पिवळ्या वाळवंटातून निळसर रेघ वळणे घेत गेलेली. दूर गंगाखेडकडे रेल्वेचा पूल दिसत होता.

"हीच का गोदावरी?" हसीनाबींचा विश्वास बसेना. "पहाटेच्या अंधारात पुलावरून गाडी चालली होती. लई वेळ आवाज येत होता. मला वाटलं, ही नदी संपणारच न्हाय. वाटलं, माझी माय हिच्या पल्याड हाय आणि ही संपत न्हाय." त्या थांबल्या. "आणि ही बघ. एवढीशी."

मग त्या रडल्या. मोठ्याने नाही. पदराने डोळे पुसत होत्या आणि बघतही होत्या. एवढ्या वर्षांत जे पाणी बाहेर आले नव्हते ते जमिनीपासून पाच हजार फुटांवर आले. श्रावस्तीने समोरच बघत राहून त्यांच्या हातावर हात ठेवला.

मित्रांनो, मी यंत्र आहे. पण त्या घडीला मला वाटले की मला बनवणाऱ्या माणसांनी बनवले ते यासाठीच. एवढी मोठी पृथ्वी एका माणसाच्या नजरेत मावावी आणि तरी तिचा मोठेपणा कमी न होता वाढावा, याहून नवल कोणते?

पूर्णा ओलांडली आणि वारा बदलला. आता तो समोरून येऊ लागला. वेग तोच, पण खालची जमीन सावकाश सरकू लागली. इसापूर धरणाचे रुंद पाणी समोर आले, आणि त्याच्याही पुढे, पुसदच्या डोंगरांवर, मला तो दिसला. ढग. बुडाशी काळानिळा, वर कापसाच्या गंजीसारखा फुगत गेलेला, माझ्या उंचीच्या कितीतरी पट वर. त्याच्या पोटात वीज लखलखली. हवामानाच्या सकाळच्या अंदाजात असले ढग संध्याकाळी येतील असे होते. हा आधीच येऊन बसला होता.

मी अंगभर शहारलो. खरे तर तो वाऱ्याचा पहिला झोत होता. माझा डावा पंख उचलला गेला, हसीनाबींचे गाठोडे मांडीवरून घसरले.

श्रावस्तीने मला सरळ केले. मग ती शांतपणे म्हणाली, "खाला, खरं सांगते. समोर ढग हाय आणि मी त्यात शिरणार न्हाय. उजवीकडून वळसा घालून बघते. इंधन भरपूर हाय. पण त्या बाजूलाही वाट बंद झाली तर मी माघारी फिरणार. मग आज दिग्रस होणार न्हाय."

मला वाटले, आता त्या विनवतील. ज्या बाईची आई एकदा अशीच वाटेत हुकली होती, ती का नाही विनवणार?

हसीनाबींनी समोरच्या काळ्या भिंतीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बेटी, तू तुझ्या हिशोबानं कर. तिकडं एक जण जायला निघालीय. तिच्यापायी आणखी तिघांनी जायचं न्हाय. फिरायचं तर फिर. मी तुला कधी बोल लावणार न्हाय."

श्रावस्तीने मला उजवीकडे वळवले. आम्ही धरणाच्या काठाकाठाने निघालो. झोत येतच होते. मी कधी खाली जायचो, कधी वर फेकला जायचो, दार खडखडायचे, काचेवर पाण्याचे टपोरे थेंब आपटून मागे पळायचे. पण माझे इंजिन एकदाही अडखळले नाही. त्यात माझी फुशारकी काही नाही. रोज सकाळी बाटलीत इंधन घेऊन उन्हात धरणाऱ्या माणसाची ती करणी. तो माणूस मागच्या आसनावर बसून माझा आवाज कान देऊन ऐकत होता आणि त्याची आई त्याच्या पुढे बसली होती.

"शब्बीरभाई, आवाज?" श्रावस्तीने विचारले.

"साफ हाय मॅडम. बिनघोर चालवा."

डावीकडे ढग होता, उजवीकडे त्याचेच एक पिलू फुगू लागले होते. श्रावस्तीने समोरच्या एका टेकडीकडे बोट केले. "त्या टेकडीपर्यंत. तिथून पल्याडची जमीन दिसली तर पुढं. न्हाय तर मागं."

टेकडी जवळ येत गेली. ढगाच्या कडेशी पावसाचा राखाडी पडदा लोंबत होता आणि तो आमच्या वाटेवर सरकतो आहे असे मला वाटले. मग टेकडी पंखाखाली गेली आणि पलीकडे ऊन दिसले, मित्रांनो! सागाच्या पानगळ झालेल्या रानावर, लाल पायवाटांवर, एका तळ्यावर स्वच्छ पिवळे ऊन पडले होते. डाव्या हाताला वीज कडाडत होती आणि आम्ही उन्हातून चाललो होतो. इतक्या वर्षांत मी आभाळाची दोन रूपे एकाच वेळी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. मला भीतीही वाटत होती आणि नतमस्तक व्हावेसेही वाटत होते. हसीनाबी तर दोन्ही हात पसरून बसल्या होत्या, दुवा मागताना पसरतात तसे.

पावणेदोन तासांची वाट आम्हाला सव्वादोन तासांची पडली. यवतमाळला वारा आडवा होता. श्रावस्तीने मला तिरके धरून आणले आणि अगदी शेवटी सरळ केले. चाके टेकली. हसीनाबींनी विचारले, "उतरलो का?" त्यांना कळलेच नव्हते.

समद जीप घेऊन उभा होता. दिग्रस अजून तासा-दीड तासाच्या वाटेवर होते, कारण विमान माणसाला दारापर्यंत नेत नाही. पुढचे मला दिसले नाही. शब्बीर परत आल्यावर त्याने श्रावस्तीला सांगितले ते ऐकले.

ऊन उतरायच्या आत ते घरी पोचले होते. जुलेखाबी खाटेवर डोळे मिटून होत्या. हसीनाबी उशाशी बसल्या आणि त्यांनी हाक मारली. जुलेखाबींनी डोळे उघडले. सकाळी धाराशिवला फोन झाला होता हे त्यांना ठाऊक होते.

"एवढ्यात कशी आलीस, आपा?"

"उडत आले."

"म्हणजे मी मेले काय?" जुलेखाबींनी विचारले, आणि घरातली सगळी माणसे त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

जुलेखाबी त्यानंतर आठवडाभर जगल्या. हसीनाबी तो आठवडा त्यांच्या उशाशी होत्या. त्यांनी बहिणीला गोदावरी सांगितली, पळणारी सावली सांगितली, ढगाच्या कडेचे ऊन सांगितले. जुलेखाबी पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावत. पाण्याचा शेवटचा घोट त्यांनी बहिणीच्या हातून घेतला.

मला परत न्यायची वेळ आली तेव्हा श्रावस्तीने शब्बीरकरवी हसीनाबींना निरोप धाडला, खालांसाठी जागा आहे, सरांनी परवानगीही काढली आहे. हसीनाबींनी उलटा निरोप पाठवला, "सांग त्या पोरीला, अल्ला तिला लई उंच नेवो. पण मी एस.टी.नं येते. वरून सगळं बघितलं. आता खालून ओळखू येतंय का ते बघायचं हाय."

आणि त्या खरेच तशा आल्या. नांदेड, परळी, अंबाजोगाई करत, एका ठिकाणी मुक्काम करून. परळीच्या स्टेशनवर त्या मुद्दाम थोडा वेळ बसल्या, असे शब्बीर म्हणाला.

आता मी काम करत नाही. माझ्या इंजिनाला ठरवून दिलेले तास भरले. शाळेत नवी विमाने आली, ज्यांच्या समोर काट्यांच्या तबकड्यांऐवजी चकचकीत पडदे आहेत. श्रावस्ती आता मोठी विमाने चालवते. मला हँगरबाहेर कडेला उभे केले आहे. ऊन-पावसाने माझा रंग उडाला, एका चाकातली हवा गेली. सहलीला येणारी तामलवाडीची, तुळजापूरची मुले माझ्याभोवती गोळा होतात तेव्हा बरे वाटते. पण त्यांच्यातले कुणी कुणी दगडाने माझ्या पत्र्यावर नावे कोरतात. तसे करू नका, मित्रांनो. या पातळ पत्र्यावर कुणीतरी जीव टाकला आहे. जे यंत्र तुम्हाला वाहून नेते, मग ती सायकल का असेना, त्याला रोज हात लावा, त्याचे दुखलेखुपले बघा. अडीनडीला ते त्याची परतफेड करते.

आणि आणखी एक मागणे. कुठे लांब कुणी तुमची वाट बघत असेल, तर अंतर किती आणि वेळ किती याचा हिशोब करत बसू नका. सगळ्यांच्याच वाट्याला विमान येत नाही. एस.टी. मिळाली तर एस.टी.ने जा, नाही मिळाली तर चालू लागा. वाटेत ढग आला तर वळसा घाला. पण निघा.